फिनेलनं धुतलेला पिंजरा

नोकरीत सगळ्यात जास्त ऐकलेला शब्द कोणता, असं कुणी विचारलं तर मी सांगेन, ‘काहीतरी’. ‘साहेब, आमच्या माळ्यावर काहीतरी आहे.’ ‘विहिरीत काहीतरी पडलंय.’ ‘मागच्या नाल्यात काहीतरी बसलंय आणि ते आमच्याकडेच बघतंय.’ फोन करणाऱ्याला ते काय आहे हे ठाऊक नसतं. ते आपल्याला खाणार आहे, एवढं मात्र पक्कं ठाऊक असतं. मी वनरक्षक म्हणून लागलो आणि वनपाल म्हणून सुटलो, पण शेवटची वीसेक वर्षं लोकांनी मला ओळखलं ते ‘पिंजरेवाले’ म्हणून. बायको म्हणायची, घराच्या पाटीवरही तेच लिहून टाका.

पिंजऱ्याचं काम बाहेरून सोपं दिसतं. लोखंडी गजांची पेटी, एका टोकाला वरून पडणारं दार आणि आत तळाला एक हलती पाटी. जनावरानं पाटीवर पाय दिला की तार सुटते आणि दार पडतं. पण दार पाडणं हे शेवटचं काम. त्याआधी तीन-चार दिवस दार दोरीनं वर बांधून ठेवायचं, आत खाणं ठेवायचं आणि जनावराला खुशाल येऊ-जाऊ द्यायचं. त्याला ती जागा मामाच्या घरासारखी वाटली पाहिजे. ते निर्धास्त झालं की दोरी सोडायची. म्हणजे आधी विश्वास कमवायचा आणि मग मोडायचा. मला त्याचं कधीकधी वाईट वाटायचं, पण ड्यूटी म्हणजे ड्यूटी.

गिऱ्हाइकं एकेक नमुना असत. एका प्राध्यापकांच्या घरी पंधरा दिवस नवरा-बायकोत अबोला होता. घरात बासमती शिजल्याचा वास यायचा. बाईंचं म्हणणं, शेजारीण रोज बासमती रांधते आणि तुम्ही माझ्या भाताला नावं ठेवता. प्राध्यापकांचं म्हणणं, मी वासाबद्दल बोललोच नव्हतो. मी माळ्यावर पिकलेली केळी ठेवून पिंजरा लावला आणि तिसऱ्या दिवशी उदमांजर सापडलं. त्याच्या अंगालाच तसा सुवासिक भाताचा वास असतो. पिंजरा खाली उतरवला तर प्राध्यापक म्हणाले, ‘हे एवढंसं? मला वाटलं बिबट्या असेल. मी रजा टाकली होती हो.’

दुसरी एक बाई मला अजून आठवते. त्यांच्या लेआउटमधल्या, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या नव्या वस्तीतल्या, झाडून सगळ्या लोकांनी वानरांच्या बंदोबस्तासाठी सह्या केल्या होत्या. आम्ही पिंजरे घेऊन गेलो तर ही बाई मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, ‘सगळी न्या, पण ती लंगडी तेवढी राहू द्या. ती माझ्या पोळीची वाट पाहते.’ वानरांचा कळप म्हणजे एक कुटुंब असतं, त्यातली एक मागे ठेवली तर ती जगत नाही, असं मी तिला समजावलं. सगळी नेली. आठ दिवसांनी तिचा फोन आला. ‘साहेब, तक्रार काही नाही. रोज एक पोळी उरते, एवढंच सांगायचं होतं.’ मी फोन ठेवून हसलो. देवराव मात्र हसला नाही.

देवराव आत्राम हा माझ्याबरोबरचा वनमजूर. केळापूर तालुक्यातल्या एका पोडावरचा, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरचा. वयानं माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, अकलेनं बराच मोठा. कागदावर मी साहेब आणि तो मजूर, पण पिंजरा कुठं लावायचा हे वीस वर्षं त्यानंच ठरवलं. तो जमिनीवर उकिडवा बसायचा, माती चिमटीत धरून हुंगायचा आणि ‘इथं नाही सायब, तथी’ एवढंच बोलायचा. मी अहवालात लिहायचो, ‘सखोल पाहणीअंती जागा निश्चित केली.’

आमचं भांडण व्हायचं ते एकाच गोष्टीवरून, फिनेलवरून. माझे वडील सरकारी दवाखान्यात सफाईचं काम करायचे. स्वच्छतेचं मला त्यांच्याकडून आलेलं वेड आहे, आणि ते मी अभिमानानं सांगतो. शिवाय धंद्यातही त्याला कारण होतं. पिंजऱ्यात घाबरलेल्या जनावराचा वास मागे राहतो आणि त्या वासानं पुढचं जनावर जवळ येत नाही. म्हणून काम झालं रे झालं की मी पिंजरा फिनेलच्या पाण्यानं घासून घ्यायचो. आतलं तणस म्हणजे वाळलेलं गवत, खालचं पोतं, सगळं जाळायचो. मग पिंजरा तीन दिवस उन्हात. वरिष्ठ पाहणीला आले की माझे पिंजरे मुद्दाम दाखवत. देवराव म्हणायचा, ‘सायब, तुमच्या पिंजऱ्यात एक दिवस नर्स सापडन.’

आता त्या तळ्याचं सांगतो. पुसदच्या बाजूला एक वाढतं गाव आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. गावाच्या टोकाला जुना तलाव. एका अंगाला लेआउट पडत पडत पाण्यापर्यंत आलेले, दुसऱ्या अंगाला बेशरमाची दाट झाडी आणि भोयांची दहा-बारा घरं. त्यांतले चंपतबाबा हे सगळ्यात म्हातारे. लहानपणापासून त्याच तळ्यात जाळं टाकत आलेले. त्यांनी एक अर्ज लिहून घेतला. ते बोलले ‘पाणकुत्रं’. लिहिणारा बाहेरगावचा. त्यानं शुद्ध मराठीत मांडलं, ‘तलावावरील मोकाट कुत्री मासे खातात व जाळी फाडतात, तरी बंदोबस्त व्हावा.’ कुत्री म्हटल्यावर अर्ज कुत्री धरणाऱ्यांकडे गेला. आश्चर्य म्हणजे त्यावर ताबडतोब कारवाई झाली. गाडी आली आणि तळ्याच्या काठी झोपलेली तीन कुत्री घेऊन गेली. त्यातली दोन चंपतबाबांची.

म्हातारा तरातरा आमच्या ऑफिसात आला.

‘सायब, मी पाणकुत्रं म्हणलंतं! यायनं माह्ये घरचे कुत्रे नेले! काहून नेले?’

‘बाबा, आधी बसा. पाणकुत्रं म्हणजे कसं आहे?’

‘लंबं हाय. मुंगसावानी, पण मोठं. शेपूट चापट, वल्ह्यावानी. पान्यात रायते आन् शिट्टी मारते.’

देवराव दारात उभा होता. तो एकदम आत आला. आमच्या खात्यात ज्याला पाणमांजर म्हणतात ते जनावर मी नोकरीत एकदाही पाहिलेलं नव्हतं, फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलं होतं. देवरावनं लहानपणी वडिलांबरोबर पैनगंगेवर पाहिलं होतं. चंपतबाबांची कुत्री आम्ही त्याच दिवशी सोडवून आणली आणि कुत्री पोचवायच्या निमित्तानं तळ्यावर गेलो.

तासभर काही दिसलं नाही. मग बेशरमाच्या झाडीजवळ पाणी हललं आणि एक तपकिरी, चपटं डोकं वर आलं. त्याच्या मागोमाग दुसरं. दोघांनी एकमेकांभोवती गिरकी घेतली, एकानं रोहू वर धरला, दुसऱ्यानं तो ओढला, आणि मग दोघं काठावर पालथी पडून एकाच माशाला दोन बाजूंनी कुरतडू लागली. मधूनच एक बारीक शिट्टी. ती खाऊन झाल्यावर वाळूत लोळली, एकमेकांच्या मानेवर डोकं घासलं आणि पुन्हा पाण्यात. चंपतबाबा पुटपुटले, ‘पाहा, कसे माजले हायेत.’ पण तेही हलले नाहीत. आम्ही तिघं ऊन उतरेपर्यंत तिथंच बसलो. नोकरीतला सगळ्यात सुखाचा दिवस कोणता, तर तो.

पण तक्रार खरी होती. जाळी फाटत होती, मासे जात होते, आणि लेआउटमधल्या कुणीतरी तळ्याच्या काठी ‘मगरीसारखं काहीतरी’ पाहिल्याचं पसरवलं होतं. असं जनावर धरायला वरपर्यंतची परवानगी लागते. ती यायला बरेच महिने गेले. कागद आला तेव्हा उन्हाळा तोंडावर होता आणि माझ्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. दोन्ही पाणमांजरं धरून पैनगंगेच्या अभयारण्यात सोडायची, असा आदेश.

देवराव म्हणाला, ‘सायब, जोडी हाय. दोन पिंजरे लावू. दोनही भरले तं उचलू. एकच भरला तं सोडून देऊ, मंग पुन्हा पाहू.’

‘कबूल,’ मी म्हणालो.

‘सबद द्या.’

दिला. वीस वर्षांत त्यानं माझ्याकडे शब्द मागितलेला हा पहिलाच प्रसंग.

पाणमांजर मेलेल्या माशाला भुलत नाही. आम्ही पिंजऱ्यात घमेलं ठेवून त्यात पाणी आणि जिवंत मरळ ठेवले. जागा देवरावनं शोधली. या जनावराची एक सवय आहे. ते ठरलेल्या दगडावरच शौचाला जातं. ते दगड म्हणजे त्यांच्यासाठी ग्रामपंचायतीचा फळा. कोण आलं, कोण गेलं, कुणाची मादी, कधीची, सगळं वासावरून वाचता येतं. त्या दगडाच्या दोन्ही बाजूंना दोन पिंजरे, झाडीनं झाकलेले, दारं बांधलेली. पाच दिवस ती दोघं आत जाऊन मासे खाऊन आली. सहाव्या दिवशी आम्ही दोऱ्या सोडल्या.

सकाळी एक पिंजरा भरलेला होता. मादी होती. ती आत गोल गोल फिरत होती आणि अशा आवाजात ओरडत होती की आधीची शिट्टी या गळ्यातून निघाली असेल यावर विश्वास बसू नये. दुसरा पिंजरा रिकामा. नर पाण्यात, दहा-बारा हातांवर, मान उंच काढून उभा. तिनं आवाज दिला की तोही द्यायचा.

इथं माझ्याकडून चूक झाली आणि ती मी आजवर कुणाला सरळ सांगितलेली नाही. देवराव दुसरा पिंजरा तपासायला वळला तेवढ्यात मी वर फोन लावला. ‘सर, सापडली!’ आमच्या विभागात आजवर कुणी पाणमांजर धरलं नव्हतं. शेवटच्या दोन महिन्यांत माझ्या हातून हे घडलं याचा मला इतका आनंद झाला होता की दिलेला शब्द आठवला तो फोन ठेवल्यावर. पलीकडून सांगितलं गेलं, ऊन वाढतंय, जनावर पिंजऱ्यात दगावलं तर तुमच्यावर येईल, आहे ते घेऊन ताबडतोब निघा, दुसऱ्याचं नंतर पाहू. यात चुकीचं काही नव्हतं. उन्हात असलं जनावर खरंच मरतं. पण मी फोनच केला नसता तर?

‘देवराव, निघावं लागेल,’ मी म्हणालो.

 त्यानं खांद्यावरचा दुपट्टा पाण्यात भिजवून पिंजऱ्यावर टाकला आणि पिंजरा उचलायच्या दांड्याचं एक टोक धरलं. गाडीजवळ गावातला एक वार्ताहर आला होता. त्यानं माझा पिंजऱ्यावर हात ठेवलेला फोटो काढला. तो छापूनही आला. बायकोनं त्याची चौकट करून घेतली होती, ती मी नंतर माळ्यावर ठेवून दिली.

अभयारण्यात नदीला त्या दिवसांत डोह डोह होऊन पाणी राहतं. सावलीतल्या एका मोठ्या डोहाशी आम्ही दार उघडलं. ती क्षणभर पिंजऱ्यातच थांबली, मग पाण्यात शिरली. बऱ्याच वेळानं पलीकडच्या काठाशी डोकं वर आलं आणि तिनं शिट्टी मारली. थांबली. पुन्हा मारली. देवराव म्हणाला, ‘चाला सायब, आयकवत नाही.’

परत आलो आणि मी काय केलं? जे वीस वर्षं केलं तेच. बादलीत फिनेल ओतलं आणि दोन्ही पिंजरे घासून लख्ख केले. तिच्या खालचं पोतं, तणस, काडी लावून जाळलं. देवरावचा दुपट्टासुद्धा फिनेलमध्ये बुचकळून वाळत घातला. मन था‍ऱ्यावर नसलं की मी धुण्या-पुसण्याला लागतो. त्या दिवशी जरा जास्तच धुतलं.

चौथ्या दिवशी चंपतबाबा पुन्हा ऑफिसात. या वेळी ते तरातरा आले नव्हते. पायरीवरच बसले.

‘सायब, थे दुसरं लय रडून राह्यलं. सकाळ नाही, दुपार नाही. त्या दगडावर येते, हुंगते आन् शिट्ट्या मारते.’

‘मासे खातं का?’

‘मासे? काल मरळ जाळ्यात तसाच पडून होता, शिवलं नाही थ्यानं. सायब, माह्याच्यानं जाळं टाकवत नाही. तुमी तिले घेऊन या.’

‘बाबा, तुम्हीच तर अर्ज दिला होता.’

‘देलता. मंग आता दुसरा लिहून घ्या. पाणकुत्रं वापस आणून द्यावं म्हून लिहा. आन् या टायमाले नीट लिहा.’

मी खरंच लिहिला. तो अर्ज कोणत्या फायलीत लावायचा हे कुणालाच कळलं नाही. सोडलेलं जनावर परत धरायला कुणी परवानगी देत नसतं. पण दुसरं धरायची परवानगी अजून हातात होती. नराला धरून तिच्याजवळ नेऊन सोडायचं, एवढाच मार्ग होता, आणि माझ्याकडे दीड महिना होता.

आम्ही पिंजरे पुन्हा लावले. नर आत शिरेना. मरळ ठेवले, रोहू ठेवले, झिंगे ठेवले. पिंजऱ्यापासून पाच हातांवर यायचा, नाक वर करायचा आणि मागे फिरायचा. तीन आठवडे असे गेले. मग एका सकाळी देवराव एकदम म्हणाला, ‘सायब, आपण येडे हाओत! तिचं पोतं ठेवा ना आत. तिचा वास आला तं थो पयत येईन.’

मी घमेल्यातलं पाणी बदलू लागलो.

‘कुठं हाय पोतं?’

‘जाळलं.’

‘तणस?’

‘तेही जाळलं.’

‘माहा दुपट्टा? तिच्या अंगावर होता थो.’

‘धुतला. फिनेलनं.’

देवराव जाऊन पिंजऱ्याशी बसला. एकेक गज हुंगत गेला, वरून खालपर्यंत. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, ‘सायब, तुमी तिले पुसून टाकलं.’

त्यानं रागानं म्हटलं असतं तर मी उत्तर दिलं असतं. त्याच्या आवाजात राग नव्हता. दगडावरची तिची खूणही एव्हाना उन्हानं वाळून, वाऱ्यानं उडून गेली होती. त्या नराला तिचा माग लागेल असं तळ्यावर काहीही उरलं नव्हतं, आणि पिंजऱ्यातलं जे उरलं असतं ते मी माझ्या हातांनी घासून काढलं होतं. ज्या गोष्टीसाठी आयुष्यभर पाठीवर थाप मिळाली तीच माझ्या अंगावर आली.

मे महिन्याच्या शेवटी मी सुटलो. शाल मिळाली, नारळ मिळाला, भाषणांमध्ये माझ्या स्वच्छ पिंजऱ्यांचा दोनदा उल्लेख झाला. देवराव मागच्या रांगेत बसला होता. महिनाभरानं त्याची बदली अभयारण्याच्या बाजूला झाली. पावसाळ्यात तलाव भरला, सांडव्यावरून पाणी नाल्यात पडू लागलं, आणि त्याच सुमारास नर दिसेनासा झाला. चंपतबाबांनी फोनवर सांगितलं, ‘गेलं, सायब. पान्यासंगं गेलं.’

रिकामा माणूस काय करील? मी रोज सकाळी बसनं त्या तळ्यावर जाऊ लागलो. तिथं आता फिरायला रस्ता झाला आहे, बाकडी बसवली आहेत. लेआउटमधले लोक मला ओळखून विचारायचे, ‘काका, ते शिट्टी वाजवणारं जनावर कुठं गेलं हो? सकाळी छान वाटायचं.’ ज्यांनी मगर म्हणून बोंब मारली होती, तेच विचारायचे. मी ‘गेलं’ म्हणायचो. मला देवरावची फार आठवण यायची. माती हुंगताना वाकलेली त्याची ती पाठ डोळ्यांपुढून हलायची नाही. घरी बायको म्हणायची, ‘त्याला फोन करा ना.’ कोणत्या तोंडानं करायचा? शब्द मी मोडला होता.

दसऱ्यानंतर त्याचाच फोन आला.

‘सायब, चंपतबुढ्याचे साडू संगमाजवळ रायते ना, त्यायनं पाणकुत्रं पाह्यलं. एकटं हाय.’

आमच्या तळ्याचा नाला पूस नदीला मिळतो आणि पूस पुढं पैनगंगेला. म्हणजे नर वाहत्या पाण्याबरोबर उतरत उतरत थेट संगमापर्यंत आला होता. मादी होती त्याच पैनगंगेत, पण संगमापासून बरीच वर. इथून तो प्रवाहाच्या उलट वर वळला तर कधीतरी तिच्यापर्यंत पोचणार. प्रवाहाबरोबर खाली गेला तर वर्धा नदीपर्यंत लांबच लांब जाणार आणि दोघांमधलं अंतर रोज वाढणार. त्याला कोण सांगणार की बाबा, वर वळ?

‘मी येतो,’ देवराव म्हणाला. ‘तुमी पिंजरा नका आणू.’

तो संगमावर भेटला तेव्हा त्याच्या हातात घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा होता.  मी म्हणालो, ‘जेवायचं नंतर पाहू.’ तो म्हणाला, ‘उघडून तं पाहा.’ उघडला आणि मी मान मागे घेतली. कुजक्या माशांचा असा भपकारा आला की बस्स. ज्या डोहात तिला सोडलं होतं तिथं तो महिनाभर फेऱ्या मारत होता. तिचा दगड त्यानं शोधून काढला होता आणि त्यावरची ताजी विष्ठा वाळूसकट खरवडून आणली होती.

‘तिचीच कशावरून?’

‘डाव्या पायाचं एक बोट आखूड हाय तिचं, पिंजऱ्यात पाह्यलतं मी. पाय उमटते तथी. सायब, माही बदली काही आपोआप झाली नाही. मीच मागून घेतलती.’

 मी त्याचा हात धरला आणि म्हणालो, ‘देवराव, माझं चुकलं.’ तो म्हणाला, ‘मालूम हाय. चाला, ऊन होईन.’

आम्ही तीन दगड निवडले. पहिला अगदी संगमावर, जिथं पूसमधून येणारं जनावर पाण्याबाहेर येईलच. दुसरा पैनगंगेत वर, पहिल्या वळणावर. तिसरा त्याच्याही वरच्या वळणावर, तिथून दिसत नाही असा. डब्यातला माल तिघांवर वाटून ठेवला. आयुष्यभर मी जनावरांसाठी आमिष ठेवलं, पण दार नसलेलं हे पहिलंच. चंपतबाबांच्या साडूंच्या ओसरीवर आम्ही मुक्काम केला. त्यांनी आम्हाला वेड्यात काढलं, पण भाकरी गरम दिल्या.

पहिल्या सकाळी दगडावर काही नव्हतं. दुसऱ्या सकाळीही नाही. तिसऱ्या सकाळी जाताना आम्ही ठरवून घेतलं होतं, की आज काही नसलं तर परत फिरायचं. देवरावची रजा संपत होती.

संगमाच्या दगडाशी तो आधी पोचला. उकिडवा बसला. मी मागून येऊन पाहिलं. तिनं टाकलेल्यावर, बरोब्बर त्याच्यावर, नवीन ओली विष्ठा पडलेली होती आणि तिच्यात माशाची खवलं चमकत होती. देवरावनं चिमटीत घेऊन हुंगली.

‘त्याचीच हाय. आजची.’ मग तो हसला, सहा-सात महिन्यांनी पहिल्यांदा. ‘सायब, वाचलं त्यानं.’

मी त्या दगडापाशी खाली बसलो आणि साठीच्या घरातला माणूस असून लहान पोरासारखा रडलो, तेही कशासमोर बसून, ते लिहायलाच नको.

पण वाचलं म्हणजे वळला असं नव्हे. इथं वास घेऊन तो खालीही गेलेला असू शकत होता. ते दुसऱ्या दगडावरच कळणार होतं.  ‘तू जा,’ मी म्हणालो. ‘तिथं काही नसलं तर नुसता परत ये. बोलू नकोस. मी समजेन.’

देवराव काठाकाठानं वर चालत गेला. वळणावरच्या दगडाशी तो थांबलेला मला दिसला, वाकलेला दिसला. बराच वेळ तो वाकूनच होता. मग उठला, हात धोतराला पुसले आणि तिसऱ्या दगडाकडे चालू लागला.